ताटातले आणि ट्विटातले

हॉटेलातले खाऊन पोट बिघडले की माणूस दवाखान्यात जाईल आणि तेथून आरोग्य खात्याला खबर मिळेल, ही जुनी पद्धत. प्रत्यक्षात बहुतेक लोक मित्रांजवळ कुरकुर करतात आणि विसरून जातात. ही कुरकुर ट्विटरवर उमटते, हे हेरून अमेरिकेतील शिकागो शहरात 2013 मध्ये 'फूडबोर्न शिकागो' हा प्रकल्प उभा राहिला. मार्च 2013 ते जानेवारी 2014 या काळात संगणकाने अन्नविषबाधेसंबंधीचे 2,241 ट्विट टिपले. त्यांतून कर्मचाऱ्यांनी 270 नेमक्या तक्रारी वेचल्या आणि संबंधितांना रीतसर अर्ज भरण्यास सुचवले. डॉक्टरकडे गेल्याचा उल्लेख त्या 270 पैकी अवघ्या आठांत होता! प्रकल्पामुळे 133 तपासण्या झाल्या. 21 उपाहारगृहे नापास ठरून बंद करावी लागली.

तक्रार हुडकणे निराळे आणि आहार मोजणे निराळे. कतारमधील संशोधकांनी 2015 मध्ये अमेरिकेतील सुमारे 2 लाख 10 हजार जणांचे 5 कोटी ट्विट तपासून त्यांत आलेल्या पदार्थांच्या उष्मांकांचा हिशेब मांडला. राज्याराज्यांतील लठ्ठपणाच्या प्रमाणाशी त्याचा सहसंबंध 0.77 इतका निघाला. आकडा भारदस्त खरा; पण राज्याच्या सरासरीवरून एकेकाच्या ताटात डोकावता येत नाही. 'पिझ्झा' लिहिणाऱ्याने एक तुकडा खाल्ला, अख्खा खाल्ला की नुसती इच्छा व्यक्त केली, हे यंत्राला कसे कळणार? रोजची पोळी-भाजी कोणी मिरवत नाही. एकट्याने घेतलेले मद्य तर नाहीच नाही.

तरीही मोह पडावा अशी आपली स्थिती आहे. भारतात घरगुती उपभोग खर्चाच्या 2011-12 च्या पाहणीनंतर थेट 2022-23 चे आकडे प्रसिद्ध झाले. मधल्या 2017-18 च्या पाहणीचा अहवाल सरकारने बाजूला ठेवला. 2022-23 च्या आकड्यांनुसार शहरी कुटुंबांच्या खर्चातील 10.64 टक्के वाटा पेये व प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जात होता. एवढा मोठा बदल दशकाने कळावा, हे धोरणकर्त्यांना परवडणारे नाही.

परंतु समाजमाध्यमांची दारेही आता मिटत चालली आहेत. ट्विटरने 2023 मध्ये संशोधकांची मोफत सोय काढून घेतली; फेसबुकच्या मालक कंपनीने 'क्राउडटँगल' हे साधन ऑगस्ट 2024 मध्ये बंद केले. कोणी, किती वाजता, काय आणि किती मागवले, याची खरी नोंद घरपोच जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांकडे साठते आहे. महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ती आपोआप येत नाही.