साखर उतरली, पण कशानें?

घरांतील वडील माणसाचा मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा जुना असावा, आणि एकाएकीं नेहमींच्याच इन्सुलिननें साखर वाजवीपेक्षां खालीं जाऊं लागावी, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांत येतो. अशा वेळीं घरांत आनंद होतो. पथ्याला, काढ्याला किंवा कारल्याच्या रसाला त्याचें श्रेय दिलें जातें. परंतु हा आनंद मानण्यापूर्वीं मूत्रपिंडांची परीक्षा करून घेणें अवश्य आहे.

याचें कारण सरळ आहे. टोचून घेतलेलें इन्सुलिन शरीरांतून नाहींसें करण्याचें बरेंचसें काम मूत्रपिंडें करितात. तीं थकलीं म्हणजे तेंच इन्सुलिन रक्तांत अधिक वेळ राहतें. शिवाय उपाशीपोटीं शरीराला साखर पुरविण्यांतहि मूत्रपिंडांचा वांटा असतो, तोहि घटतो. तात्पर्य, रोग हटलेला नसून औषधाचा निचरा मंदावलेला असूं शकतो. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळ्यांची हीच गत. पहाटे वृद्ध मनुष्य घामाघूम होऊन असंबद्ध बोलूं लागतो, आणि घरचीं माणसें तो वार्धक्याचा भ्रम समजतात!

परीक्षा दोन आहेत: रक्तांतील क्रिअॅटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, आणि लघवींतील अल्ब्युमिनचें क्रिअॅटिनिनशीं प्रमाण. नुसता क्रिअॅटिनिनचा आंकडा पाहून स्वस्थ बसूं नये. कृश वृद्धांत स्नायूच थोडे असल्यामुळें तो खोटा दिलासा देतो. ईजीएफआर ३ महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिला, किंवा अल्ब्युमिन तितकाच काळ दर ग्रॅममागें ३० मिलिग्रॅम वा अधिक आढळलें, तर विकार जडला असें समजावें. ईजीएफआर ३० च्या खालीं गेल्यास मेटफॉर्मिन बंद करावें लागतें. तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. रक्तदाब आटोक्यांत ठेवल्यानें ऱ्हास मंदावतो. डॅपाग्लिफ्लोझिन या औषधानेंहि तो मंदावतो, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. तें कोणास द्यावें, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावें.

घरच्यांनीं पाळावयाचे नियम थोडे आहेत. गुडघेदुखीसाठीं आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर देऊं नयेत. घटक ठाऊक नसलेले काढेहि नकोत. ‘कमी सोडियमचें’ मीठ पुष्कळदां पोटॅशियमयुक्त असतें. तें आणि शहाळें डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. एकादशीचा उपास करावयाचा झाल्यास औषधाची मात्रा आधीं विचारून घ्यावी. वांत्या-जुलाब झाल्यास कोणतीं औषधें थांबवावींत, तें त्याच दिवशीं विचारावें. साखर ७० च्या खालीं गेल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटें कांहींहि न देतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

एकत्र कुटुंबांत औषध एक देतो, जेवण दुसरी वाढते, डॉक्टरांकडे तिसरा जातो; यांत नेमकी गोष्ट निसटते. म्हणून साखर, रक्तदाब, वजन आणि इन्सुलिनची मात्रा एकाच वहींत लिहावी, आणि ती वही प्रत्येक भेटींत डॉक्टरांपुढें ठेवावी. मात्रा उतरत चालल्याचें त्या वहींत दिसतांच पेढे वांटण्याआधीं रक्त-लघवी तपासून घ्यावी.