तिकीट हातात, मैफल कुंपणापलीकडे

चेन्नईच्या पूर्व किनारा मार्गावरील पनैयूर येथे रविवार, १० सप्टेंबर २०२३ रोजी संगीतकार-गायक ए. आर. रहमान यांचा जाहीर कार्यक्रम झाला. त्या रात्रीविषयी चाहत्यांनी जे सांगितले ते शेजारी शेजारी ठेवले, तर हे वर्णन एकाच कार्यक्रमाचे आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते. व्यासपीठाच्या जवळ पोहोचलेल्यांसाठी ती आयुष्यभर जपून ठेवावी अशी रात्र होती. लहानपणापासून ऐकलेली गाणी ती रचणाऱ्याच्याच तोंडून ऐकण्याचे समाधान त्यांना मिळाले. त्याच वेळी, तितक्याच किमतीचे तिकीट खिशात असलेले कितीतरी जण प्रवेशद्वाराबाहेर ताटकळत होते. अनेकांना आत पाऊलही टाकता आले नाही. वाहनांच्या रांगांमुळे मार्ग ठप्प झाला आणि त्या कोंडीचा फटका मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या ताफ्यालाही बसला.

या कार्यक्रमाचे नाव होते 'मरक्कुमा नेंजम'. म्हणजे 'मन विसरेल का?' त्या रात्रीचा अनुभव खरोखरच कोणी विसरले नाही. मात्र तो लक्षात राहिला तो आयोजकांना अपेक्षित नसलेल्या कारणाने.

आवडत्या गायकाचा कार्यक्रम ऐकून आल्यावर त्याविषयी भरभरून बोलणे हा रसिकांचा जुनाच छंद. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवांच्या कितीतरी आठवणी अशाच तोंडोतोंडी पुढच्या पिढीकडे आल्या. एरवी या बोलण्याकडे कौतुकाने किंवा थोड्या थट्टेने पाहिले जाते. चेन्नईच्या घटनेने मात्र या अनुभवकथनाची दुसरी, अधिक गंभीर बाजू पुढे आणली. व्यासपीठापलीकडे काय घडले याचा सर्वांत तातडीचा आणि तपशीलवार वृत्तान्त चाहत्यांनीच दिला. त्यांनी तो दिला नसता, तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'प्रचंड प्रतिसाद' एवढेच दोन शब्द उरले असते.

एक रात्र, दोन अनुभव

हा कार्यक्रम मुळात १२ ऑगस्ट २०२३ रोजी होणार होता. पावसामुळे तो पुढे ढकलला गेला. म्हणजे तयारीसाठी जवळजवळ महिनाभराचा जादा अवधी हाती होता. तरीही प्रत्यक्षात काय झाले, हे चाहत्यांच्या कथनातून दिसते. महागड्या वर्गाची तिकिटे घेतलेल्यांना आपला विभाग सापडला नाही, कारण गर्दीच्या रेट्यापुढे विभागांच्या सीमाच उरल्या नव्हत्या. कुटुंबातील माणसांची ताटातूट झाली. लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक रेटारेटीत सापडले. मागे उभ्या असलेल्यांपर्यंत आवाज नीट पोहोचत नव्हता. सर्वांत गंभीर म्हणजे, गर्दीचा गैरफायदा घेऊन विनयभंग झाल्याच्या तक्रारी स्त्रियांनी केल्या.

आयोजक कंपनीने गर्दी प्रमाणाबाहेर झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली आणि जबाबदारी स्वीकारली. तांबरम पोलीस आयुक्तालयाने चौकशी केली, आयोजकांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला आणि पोलीस अधिकाऱ्यांवरही बदलीची कारवाई झाली. रहमान यांनी ज्यांना आत प्रवेश मिळाला नाही त्यांना तिकिटाची प्रत आणि तक्रार पाठवण्याचे आवाहन केले. आपण संगीताच्या बाजूत गुंतलेले होतो व बाहेर काय चालले आहे याची कल्पना आपल्याला नव्हती, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते अविश्वसनीय नाही. प्रखर प्रकाशझोतात उभ्या असलेल्या कलावंताला समोर अंधार आणि हात हलवणारी माणसे एवढेच दिसते. प्रवेशद्वारावर काय चालले आहे, हे त्याला तेथून कळणे शक्यच नसते.

नेमका येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कलावंताला दिसत नाही, आयोजकाला पाहायचे नसते आणि पोलिसांचे लक्ष रस्त्यावरील कोंडीकडे लागलेले असते. मग आत सापडलेल्या माणसाचे काय झाले, हे सांगणार कोण? उत्तर एकच: तो माणूस स्वतः.

प्रेमाची अडचण

तक्रार करणारा हा माणूस चाहता असतो आणि येथेच त्याची अडचण होते. पंखा बिघडला तर दुकानदाराकडे दाद मागताना कोणाचा संकोच होत नाही. आवडत्या गायकाच्या कार्यक्रमाविषयी तक्रार करताना मात्र आपण त्या गायकाशीच प्रतारणा करीत आहोत, असे वाटू लागते. चेन्नईच्या घटनेनंतर तक्रार करणाऱ्यांना हाच आरोप ऐकावा लागला. चित्रपटसृष्टीतील अनेक मंडळी रहमान यांच्या पाठीशी उभी राहिली. चूक आयोजकांची असताना कलावंताला का झोडपता, हा त्यांचा युक्तिवाद बऱ्याच अंशी रास्तही होता.

पण या वादात एक गोष्ट मागे पडली. ज्यांनी तक्रार केली, त्यांतील बहुसंख्यांचा रोष गाण्यावर नव्हताच. त्यांना गाणे ऐकायचे होते आणि ते ऐकू दिले गेले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी 'खरा चाहता कुरकुर करीत नाही' हे वाक्य आयोजकांच्या पथ्यावर पडते. चाहत्याचे प्रेम हे त्यांचे भांडवल असतेच. त्याच प्रेमामुळे तो गप्पही बसला, तर त्यांच्या दृष्टीने दुधात साखर.

पुणे, कोलकाता, कोची

चेन्नईचा प्रसंग अपवादात्मक म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याच वर्षी, ३० एप्रिल २०२३ रोजी पुण्यात रहमान यांचाच कार्यक्रम रात्री दहाची मर्यादा ओलांडल्याने पोलिसांनी थेट व्यासपीठावर जाऊन थांबवला. नाराज झालेल्या रसिकांचा राग साहजिकच पोलिसांवर निघाला. परंतु रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी घालणारे केंद्र सरकारचे नियम २००० सालापासून आहेत. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. एरवी मर्यादा सर्वांना सारखीच. एकेकाळी रात्र रात्र चालणाऱ्या पुण्यातील संगीत महोत्सवांनाही याच नियमानुसार आपले वेळापत्रक बदलावे लागले. तेव्हा कार्यक्रम दहाच्या आत संपेल अशा बेताने आखणे, हे तिकीट विकणाऱ्याचे काम ठरते. अर्धवट राहिलेल्या गाण्याचे दुःख श्रोत्याच्या वाट्याला येते, आखणीचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

कोलकात्याची आठवण अधिक क्लेशकारक आहे. ३१ मे २०२२ रोजी नझरुल मंच या सभागृहात महाविद्यालयीन महोत्सवात गायल्यानंतर काही वेळातच गायक केके यांचे निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. मृत्यूचे कारण हृदयविकाराचा झटका हे वैद्यकीय तपासणीत स्पष्ट झाले. गर्दी आणि उकाडा यांचा त्यात किती वाटा होता, यावर आता निर्णायक बोलता येणार नाही. मात्र सभागृह क्षमतेपेक्षा अधिक भरले होते, आतील उकाडा असह्य होता आणि गायक पुन्हा पुन्हा घाम पुसत होता, हे जगाला कळले ते श्रोत्यांनी भ्रमणध्वनीवर टिपलेल्या चित्रफितींमुळे आणि त्यांच्या कथनामुळे. प्रिय गायकाची आठवण म्हणून जे टिपले गेले, तेच पुढे सभागृहाच्या व्यवस्थेविरुद्धचा पुरावा झाले.

तिसरा प्रसंग कोचीचा. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात गायिका निकिता गांधी यांचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच चेंगराचेंगरी झाली आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. पाऊस आला, बाहेर उभ्या असलेल्यांनी आडोशासाठी खुल्या सभागृहाकडे धाव घेतली आणि उताराच्या पायऱ्यांवर माणसे एकमेकांवर कोसळली. तेथे गाण्याचा एक सूरही लागला नव्हता.

या तिन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. तरीही त्यांतून एक समान सूत्र हाती लागते. कार्यक्रमाच्या नियोजनात व्यासपीठ, प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा यांना जे महत्त्व मिळते, ते दरवाजे, जिने, वाहनतळ आणि पिण्याच्या पाण्याला मिळत नाही. गर्दीचे शास्त्र या बाबतीत संदिग्ध नाही. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा अधिक माणसे उभी राहिली, की माणसाचा स्वतःच्या हालचालीवरील ताबा सुटू लागतो. त्यानंतर कोणी शिस्तीने वागायचे ठरवले तरी उपयोग नसतो, कारण गर्दी एखाद्या प्रवाहासारखी सरकते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्येच गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती मार्गदर्शनपर असल्याने तिचे पालन बरेचसे आयोजकांच्या मर्जीवर आणि स्थानिक प्रशासनाच्या दक्षतेवर अवलंबून राहते.

तिकीट म्हणजे करार

मधल्या काळात या व्यवसायाचे रूपच पालटले आहे. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीला आली, तेव्हा ती पाहता पाहता संपली आणि लगेच अन्यत्र कितीतरी पट किमतीला दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. असे धोरण ठरवणे हे कायदेमंडळ आणि कार्यपालिकेचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे चेंडू सरकारच्या अंगणात आहे.

तोपर्यंत श्रोत्याच्या हाती काहीच नाही, असे मात्र समजू नये. पैसे घेऊन दिलेली आणि ठरल्याप्रमाणे न पुरवलेली सेवा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. कार्यक्रम परगावी झाला असला, तरी या कायद्यान्वये ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. एकाच प्रकारचा त्रास झालेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्रित तक्रारही करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. तिकिटाची प्रत, पैसे भरल्याची नोंद, प्रवेशद्वारापाशी घेतलेले छायाचित्र आणि त्यावरील वेळ हा ऐवज अशा वेळी मोलाचा ठरतो.

प्रत्यक्षात इतक्या टोकाला फारच थोडे जातात. दोन-तीन हजार रुपयांसाठी आयोगाच्या तारखा कोण मोजणार, हा विचार व्यवहार्य आहे. आयोजकही तो जाणून असतात. म्हणूनच वैयक्तिक तक्रारीवर सारा भार टाकणे पुरेसे नाही. किती तिकिटे विकली, किती निमंत्रणपत्रिका वाटल्या आणि जागेची मंजूर क्षमता किती, हे तीन आकडे कार्यक्रमापूर्वी प्रवेशद्वारावर जाहीर करण्याची सक्ती परवानगी देतानाच करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परवान्याच्या अटीत एक ओळ वाढवली तरी काम भागेल. अनामत रकमेतून परताव्याची तरतूद केली, तर क्षमा मागण्याबरोबर पैसेही वेळेवर परत मिळतील.

ऐकणाऱ्याचेही ऐकावे

कलावंतांनीही या प्रश्नाकडे आयोजकांची बाब म्हणून पाठ फिरवून चालणार नाही. लोक कार्यक्रमाला येतात ते आयोजक कंपनीचे नाव पाहून नव्हे. तिकीट विकले जाते कलावंताच्या नावावर. करारात ध्वनियंत्रणेपासून खोलीतील फळांपर्यंतच्या अटी घालणाऱ्या कलावंताला श्रोत्यांच्या सुरक्षिततेची अट घालणे अवघड नाही. मोठ्या नावाने असा आग्रह धरला, तर लहान आयोजकांनाही त्या मार्गाने जावे लागेल. रहमान यांनी तक्रारी स्वतःकडे मागवल्या, ही त्या दृष्टीने स्वागतार्ह सुरुवात होती. ती घटना घडून गेल्यानंतरची होती, एवढीच तिची मर्यादा.

गाणे घरबसल्या, हवे तेव्हा, जवळजवळ फुकट ऐकण्याची सोय असतानाही माणसे तासन्तास प्रवास करून मैदानावर जातात. हजारोंच्या सोबतीने एकच ओळ गुणगुणण्याचा आनंद दुसऱ्या कशातच नाही, हे त्यामागचे साधे कारण. त्या आनंदासाठी त्यांनी मोजलेले पैसे आयोजकांच्या खात्यात जमा होतात. त्यानंतर त्यांनी सांगितलेला अनुभव, मग तो भारावलेला असो वा भेदरलेला, त्याच गांभीर्याने जमेस धरला गेला पाहिजे. चेन्नईत बाहेर राहिलेल्या चाहत्यांपैकी अनेक जण पुढच्या कार्यक्रमालाही जातील. तेव्हा त्यांना आत जाता येईल की नाही, हे ते आज जे सांगत आहेत ते कोणी ऐकून घेते की नाही यावर ठरणार आहे.