'पालकांनी काळजी घ्यावी' म्हणजे नेमकं काय करावं?

वीस वर्षांत सर्पदंशाच्या किती बातम्या लिहिल्या, मोजल्या नाहीत. शेवटचं वाक्य मात्र पाठ आहे : 'पालकांनी मुलांची काळजी घ्यावी, असे आवाहन करण्यात आले आहे.'

मागच्या आठवड्यात अशाच एका घरी गेलो. चार वर्षांची पोरगी गेली. माय एवढंच म्हणाली, "भाऊ, मी रोवणीले गेली होती. कोनती काळजी घ्याची होती मी?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात या दिवसांत मायबाप दोघंही बांधीत असतात. लेकरू आजीजवळ, सांदवाडीत. तिथंच जळतन, तणसीचा ढीग, कोंबड्यांचा खुराडा, न्हाणीचं साचलेलं पाणी. पाण्याला बेडूक येतात, धानाला उंदीर, अन् त्यांच्या मागे साप.

2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेल्याचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58 हजार! मार्च 2024 मध्ये केंद्रानं कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. तुमच्या गावात तो कोणी पाहिला का?

मदतीचं ऐका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश आहे, मृत्यूला 2 लाख आहेत. पण वयाची अट 10 ते 75. म्हणजे सांदवाडीत मातीत खेळणारं पोर त्यात बसतच नाही. भूमिहीन मजुराचं तर कोणतंच पोर बसत नाही.

कोणी म्हणेल, वाडी साफ ठेवायला सरकार कशाला? मान्य. जळतन भिंतीपासून दूर, हातभर उंच रचा. खुराडा झोपायच्या खोलीपासून लांब न्या. उंदरांची बिळं बुजवा. लेकराला खाटेवर निजवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूजही येत नाही. पोर पोट दुखतं म्हणून रडतं, आपण ओवा देत बसतो, अन् वेळ तिथंच जातो. मांत्रिक नको, ब्लेड नको. चावलेला हातपाय हलू देऊ नका, 108 लावा, थेट दवाखाना गाठा.

एवढं घरच्यांनी करायचं. पण न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा, उकिरड्याच्या जागी नाडेप टाकी, ही कामं रोजगार हमीतून होतात. ती का झाली नाहीत? गल्लीतला दिवा का बंद आहे? आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन आज किती शिल्लक आहे, हे फळ्यावर लिहायला कोणता निधी लागतो?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारा. चौथा ठराव घ्या : 10 वर्षांची अट काढा. नुसत्या माना हलवून उठू नका, ठराव वहीत लिहून घ्या.

माझ्यापुरतं सांगतो. ते आवाहनाचं वाक्य मी आता लिहिणार नाही. पुढची बातमी याच प्रश्नांनी सुरू होईल, अन् ते मायबापाला विचारलेले नसतील.