गोळीबार कीं संगीत ?

व्हिडिओ गेम हे शब्द कानीं पडतांच आमच्या वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आणि त्यांतून तो गोळीबाराचा खेळ असला म्हणजे तर विचारावयासच नको. त्यांचा हा रोष सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पडद्यावरील माणसें टिपीत बसलेले सहाध्यायी आम्हीं पाहिले आहेत. (खरें सांगावयाचें तर एकदां त्यांत आम्हीही होतों.) परंतु एकाच नांवाखालीं सर्व खेळांस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें हा न्याय नव्हे. म्हणून येथें आम्ही एकाच खेळाची बाजू मांडूं इच्छितों. त्याचें नांव ‘चाइल्ड ऑफ ईडन’.

जपानमधील तेत्सुया मिझुगुची यांनीं हा खेळ रचिला व २०११ सालीं तो प्रथम एक्सबॉक्स ३६० या यंत्राकरितां निघाला. त्यापूर्वीं, २००१ सालीं, त्यांनीं ‘रेझ’ नांवाचा खेळ करून तो रशियन चित्रकार कँडिन्स्की यास अर्पण केला होता. रंगाचा स्वराशीं कांहीं आंतरिक संबंध आहे, अशी कँडिन्स्कीची श्रद्धा होती, व आपल्या कित्येक चित्रांस त्यानें नांवेंही संगीतांतील रचनांसारखींच दिलीं. जें त्यानें फलकावर केलें तें मिझुगुचींनीं पडद्यावर करूं पाहिलें.

कथा थोडक्यांत अशी. ल्युमी ही अंतराळांत जन्मलेली पहिली मुलगी. पृथ्वीवर तिचें पाऊल कधींच पडलें नाहीं. पृथ्वीची ओढ मात्र तिच्या गाण्यांत भरलेली. पुढें मानवाचें सर्व ज्ञान सांठविणाऱ्या ‘ईडन’ नामक जाळ्यांत शास्त्रज्ञ तिला तिच्या स्मृतींवरून पुनः घडवूं लागतात, तोंच त्या जाळ्यास विषाणूंची बाधा होते. ती बाधा दूर करणें हें खेळणाराचें काम.

आतां खेळण्याची रीत पहा. किनेक्ट नांवाचा कॅमेरा समोर उभ्या असलेल्या माणसाचे हात ओळखतो. हातांत कांहींही धरावें लागत नाहीं. उजवा हात फिरवून एका वेळीं आठपर्यंत लक्ष्यें हेरावयाचीं व हात पुढें लोटून तीं एकदम वेधावयाचीं. डाव्या हातानें बारीक शरांची सतत वृष्टि होते. दोन्ही हात वर केले कीं सारा पडदा निवळतो. प्रत्येक वेधाचा नाद चालू गाण्यांत मिसळतो, आणि आठही लक्ष्यें बरोबर ठेक्यावर वेधलीं तर गुण अधिक. म्हणजे येथें नेमबाजापेक्षां तालाचा कान असलेला मनुष्य पुढें जातो. तबलजी समेवर येतो तेव्हां श्रोत्यांच्या माना आपोआप डोलतात. तेंच सुख येथें खेळणाराच्या दंडांत उतरतें. आमच्या एका मित्राच्या घरीं तो खेळत असतां त्याची आजी स्वयंपाकघरांतून डोकावली व म्हणाली, “अरे, टाळ धरल्यासारखे हात काय हालवतोस ? टाळ आणूं का ?” आजीनें एका वाक्यांत जें ओळखलें तें सांगावयास आम्हांस एवढें पाल्हाळ लावावें लागत आहे !

गोळीबारास ‘शुद्धि’ म्हटल्यानें तो गोळीबार राहत नाहीं काय, असें कोणी विचारील. आक्षेप योग्य आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, तेथें आपला नेम लागल्यावर कोणी रक्तबंबाळ होऊन पडत नाहीं. कोठें फुलें उमलतात, तर कोठें प्रकाशाचा देवमासा अग्निपक्षी होऊन उडतो. असल्या नेमानें मन निष्ठुर होतें हें आम्हांस पटत नाहीं.

दोष आहेत. हात अर्ध्या तासांत भरून येतात. आणि समोर मोकळी जागा इतकी लागते कीं आमच्या मित्राकडे खेळापूर्वीं खाट उभी करावी लागते. त्यांतील गाणेंही सर्वांस रुचेल असें नाहीं. आम्हांस स्वतःस तें मधून मधून अति गोड वाटतें. परंतु लोकांची मोठी तक्रार निराळीच होती. खेळाचे विभाग अवघे पांच; एका संध्याकाळीं संपणाऱ्या वस्तूस एवढें मोल कां द्यावें ? ही तक्रार आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कलाकृति म्हणजे बाजारांत तोलून घ्यावयाचे तांदूळ नव्हेत. बैठकीच्या शेवटची भैरवी दहा मिनिटांत आटोपली म्हणून तिकिटाचे पैसे कोणी परत मागत नाहीं. उलट तीच पुनः ऐकावी म्हणून पुढच्या बैठकीस जातो. आमच्या मित्रानें पहिला विभाग किती वेळां खेळला याची गणती त्यानें केव्हांच सोडून दिली आहे.

आम्हांस खरी चिंता वाटते ती दुसरीच. किनेक्टचें उत्पादन २०१७ सालीं थांबलें. त्या यंत्राचें ऑनलाइन दुकानही जुलै २०२४ मध्यें बंद झालें. शंभर वर्षांपूर्वींचें पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटांतून काढून आज वाचतां येतें. हा खेळ मात्र दुसऱ्या दशकांतच दुर्मिळ होऊं लागला. साध्या कंट्रोलरनेंही तो खेळतां येतो हें खरें. पण तें बाकावर बोटें आपटून तबल्याची हौस भागविण्यासारखें आहे. चित्रें आणि ग्रंथ जपणाऱ्या संस्थांनीं असलीं यंत्रेंही चालूं स्थितींत जपावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. नुसतीं कांचेआड मांडून उपयोग नाहीं. मित्राच्या घरचा कॅमेरा अद्याप चालतो. त्याची तार मात्र जोडापाशीं सैल झाली आहे, आणि ती दुरुस्त करून देणारा कारागीर आम्ही तिघे मिळून शोधीत आहों.