पैसा जनतेचा, मग करार गुप्त का?

मे २०२१. आमच्या घरात चौघे अठरा ते पंचेचाळीस वयातले. सरकारी केंद्रावर स्लॉट मिळेना. खासगी रुग्णालयांसाठी कोव्हॅक्सिनचा जाहीर दर होता डोसला १२०० रुपये. चौघांचे आठ डोस म्हणजे ९६०० रुपये, रुग्णालयाचा आकार वेगळाच. दुकान बंद होते. आम्ही थांबलो. २१ जूनपासून केंद्राने सर्वांना मोफत लस सुरू केली, तेव्हा कुठे आमचा नंबर लागला.

खरा संताप आला तो ही लस कशी तयार झाली हे वाचल्यावर. जो विषाणू वापरून ती बनली, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता. ही संस्था आयसीएमआरची, म्हणजे तुमच्याआमच्या पैशावर चालणारी. काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतोच. मग या संशोधनात त्याचा वाटा नाही का?

भारत बायोटेकने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. कंपनीने कारखाना चालवला, धोका पत्करला. तिने नफा जरूर घ्यावा. पण एप्रिल २०२१ मध्ये दर काय होते? केंद्राला १५०, राज्यांना ६००, खासगी रुग्णालयांना १२००. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ४०० झाला. एकाच बाटलीतल्या औषधाला इतके भाव कशाच्या आधारावर?

आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी मिळते, असे सांगतात. ठीक. पण पेटंटच्या अर्जात तिचे नावच नव्हते! जून २०२४ मध्ये गवगवा झाल्यावर कंपनीने ती नजरचूक असल्याचे सांगून नाव घातले. करार गोपनीय असल्याने तो पाहायला मिळाला नाही, असा खुलासाही केला.

कोणापासून गोपनीय? ज्यांनी पैसा दिला त्यांच्यापासूनच?

दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने हिशेब दाखवायचा असतो. आपल्याकडे अमानत म्हणतात ती हीच. सरकारने संशोधनावर खर्च कमी करावा असे मी म्हणत नाही, उलट वाढवावा. पण सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक औषधाचा करार जाहीर व्हावा, पेटंटवर सरकारी संस्थेचे नाव पहिल्या दिवसापासून असावे आणि किंमत कशी ठरली ते लोकांना सांगावे. ही मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे.