पहिल्या सत्राचे गुण झाकू नका

परदेशातून एमबीबीएस होऊन आलेल्या मुलांना इथे डॉक्टरकी सुरू करण्याआधी एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, १५० आले की उत्तीर्ण. तरीही अलीकडच्या बहुतेक सत्रांत चार-पाच जणांमागे एकच जण पार होतो. जून २०२५च्या सत्रात तर निकाल २० टक्क्यांच्याही आत राहिला. दर निकालानंतर दोन दिवस चर्चा होते. कुणी तिकडच्या विद्यापीठांना दोष देते, कुणी एजंटांना, कुणी प्रश्नपत्रिकेला. पण त्या मुलाची पाच-सहा वर्षे गेल्यावर, घरच्यांनी कर्ज काढून उभा केलेला पैसा संपल्यावर, आपण नक्की कुठे उभे आहोत हे त्याला पहिल्यांदा कळते. खरे तर दुसऱ्याच वर्षी ते कळू शकले असते. याबद्दल कुणी बोलत नाही.

देशात शिकणाऱ्यांवरही हीच वेळ येऊ घातली आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने सर्वांसाठी एकच अंतिम परीक्षा, ‘नेक्स्ट’, ठरवून दिली. जून २०२३ मध्ये तिचे नियम निघाले आणि जुलैत ती पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकण्यात आली. विद्यार्थ्यांचा विरोध समजण्यासारखा होता. पण परीक्षा हवी की नको या वादात तिच्यात कोण अडकणार हे आधी ओळखायची तयारी करायला मिळालेला हा वेळ वाया चालला आहे.

ते ओळखायला जादू लागत नाही. अमेरिकेत परवाना परीक्षेवर बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षा वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुरुवातीच्या चाचण्यांचे गुण पुढचा अंदाज चांगला देतात. तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. पहिल्यांदा बसणाऱ्या तिथल्या एमडी विद्यार्थ्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण २०२१ मध्ये ९६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ९३वर आले. तीन टक्क्यांची घसरण तिथे गंभीर मानली गेली. मुळात सराव परीक्षेत मागे पडलेल्याला थांबवून, तयारी करून घेऊन मगच मुख्य परीक्षेला पाठवायचे, ही तिथल्या अनेक महाविद्यालयांची रीत आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचे तर इंटर्नलमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून ५० टक्के आणि प्रत्येकात किमान ४० टक्के हवेत. जे मागे आहेत, ज्यांची चाचणी चुकली आहे, त्यांच्यासाठी उपचारात्मक शिकवणी घ्यावी असेही त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात फॉर्म भरायची तारीख जवळ आली की कित्येकांचे गुण रेषेवर आणून बसवले जातात. हे अध्यापकांमध्ये उघडपणे बोलले जाते. हेतू दयेचाच असतो. पोराचे वर्ष कशाला घालवायचे? पण या दयेने तो मागे होता याचा पुरावाच पुसला जातो. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ३२ टक्के मिळवणारा मुलगा वर्षअखेरीस ५० टक्क्यांचा दिसतो, आणि पुढच्या वर्षी औषधशास्त्र शिकवणाऱ्याला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नसते.

यातही सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नापासांकडे नव्हे, गैरहजरांकडे. ज्याला २८ टक्के मिळाले त्याला कुणीतरी रागावते तरी. जो चाचणीलाच आला नाही, व्हायवाच्या दिवशी आजारी पडला, ज्याची विच्छेदन कक्षातली हजेरी ऑक्टोबरनंतर तुटक होत गेली, त्याच्या नावापुढे नुसती आडवी रेघ असते. त्या रेघेमागे काय काय असू शकते! बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेला, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचायला तास घेणारा मुलगा. नीटसाठी दोन वर्षे फक्त पर्याय निवडायला शिकलेली आणि आता पाच पानांचे उत्तर लिहिताना गोठून जाणारी मुलगी. वसतिगृहात रात्रभर जागणारा, घरी सांगण्याची सोय नसलेला. यांतल्या प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी. भाषेत अडकलेल्याला जादा तास देऊन उपयोग नाही, आणि खचलेल्याला प्रश्नसंच देणे म्हणजे त्याच्यावर आणखी ओझे टाकणे आहे. म्हणून गुणांवरून नाव काढता आले तरी कारण विचारायला माणूसच लागतो.

हा माणूस कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना अशी नावे त्यांत आहेत. जिल्ह्यात मेडिकल कॉलेज येणे ही मोठीच गोष्ट. पण नव्या महाविद्यालयात सीनियर विद्यार्थीही नसतात. एरवी अर्धी मार्गदर्शक व्यवस्था तेच चालवतात: कुठले पुस्तक वाच, कुठला धडा सोड, कोणत्या सरांकडे जा. तिथल्या पहिल्या तुकड्यांना हे सांगणारे अध्यापकांखेरीज कुणी नाही. अध्यापकांची पदे रिकामी ठेवून मेंटॉर योजना फक्त कागदावर राबवता येते.

एक धोकाही आहे. मागे पडणाऱ्यांची यादी बनली की ती सूचना फलकावर लागते, मग पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात जाते, आणि ज्याला सावरायचे होते तोच वर्गाला तोंड दाखवेनासा होतो. दुसरीकडे, फक्त नापासांचीच यादी केली तर दर वर्षी ५१, ५२ टक्क्यांवर निसटणारे सुटून जातात. पुढे अखिल भारतीय परीक्षेत घसरण्याचा धोका त्यांनाही असतो; नापासाने निदान एकदा तरी पुन्हा अभ्यास केलेला असतो. यादी हवी, पण ती विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक एवढ्यांतच राहावी, आणि रेष ५० टक्क्यांच्या बरीच वर असावी.

राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एक साधा नियम करावा. प्रत्येक चाचणीचे गुण आणि गैरहजेरी त्याच महिन्यात नोंदवली जावी, आणि नंतर ती कुणालाही बदलता येऊ नये. सुधारणा झाली तर ती नव्या चाचणीत दिसेल. पहिल्या सत्रात मागे असलेल्यांशी कोण बोलले आणि काय ठरले, याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. आणि जी मुले परदेशात शिकत आहेत, त्यांच्यासाठी एफएमजीई घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक ऐच्छिक चाचणी घ्यावी. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन एवढ्यावरच. निकाल फक्त त्या विद्यार्थ्याला कळवावा. आपण मागे आहोत हे विसाव्या वर्षी कळले तर हातात तीन-चार वर्षे असतात.