ही लेकरे वहीतून कोणी खोडली?

2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराने लेकरे मेली. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत मेली, लस दशकानुदशके फुकट मिळत असताना मेली! केंद्राचे पथक धावले, घरोघर शोध सुरू झाला आणि लस न मिळालेली मुले ‘सापडू’ लागली. सापडू लागली? ती तिथेच जन्मली, तिथल्याच गटाराकाठी रांगली. त्यांना कधी मोजलेच नव्हते, आणि हा गुन्हा आहे!

हा गुन्हा कसा घडतो, तेही ऐका. पाहणीवाला भर दुपारी दार ठोठावतो. बाई धुण्याभांड्याला गेलेली असते. ‘घर बंद’ असा शेरा पडतो. पोटमाळ्यावरचे भाडेकरू कुटुंब खालच्या घराच्या आकड्यात गडप होते. सातव्या महिन्यात गावी गेलेली सून तान्हे मूल घेऊन परतते, तेव्हा तिची नोंद ना गावाच्या दप्तरात, ना मुंबईच्या. वस्ती अघोषित असेल तर नकाशावर मोकळी जागा! राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने 2013 मध्ये हिशेब घालून दिला: 50,000 लोकांमागे एक आरोग्य केंद्र, 200 ते 500 घरांमागे एक आशा सेविका. पण 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. 2011 च्या आकड्यांना भागून आजच्या गरोदर बायकांच्या वाट्याला दवाखाना येणार कसा?

अडाणीपणाचा बहाणा कोणी करू नये. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शेवटच्या क्रमांकावर होता. ठाऊक सारे होते. वस्तीला विचारायचे कसे, हेही ठाऊक होते. 1985 मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या पदपथांवरच्या कुटुंबांची मोजणी त्यांनाच सोबत घेऊन केली. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळे जगवली. 2007 पासून याच महाराष्ट्रात ग्रामीण भागात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख झाली, जनसुनवाया झाल्या, अधिकाऱ्यांना लोकांसमोर उभे राहावे लागले. खेड्याला जो अधिकार, तो झोपडपट्टीला का नाही?

कोणी म्हणेल, मुंबईत वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन पाहिले, फळ आले नाही. होय, 48 वस्त्यांत चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट बसवले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू घटल्याचे दिसले नाही. हे आम्ही झाकणार नाही. पण आमच्या मते त्याचा अर्थ एवढाच, की चटईवर बसून चर्चा केल्याने प्रसूतिगृहातली खाट वाढत नाही. कुठल्या घरात मूल दगावले आणि कुठल्या दारातून बाळंतीण परत पाठवली, हे वस्तीतल्या बाईने शोधून काढायचे. आणि पैसा कुठे जाईल ते तिच्या पाठीमागे ठरायचे! माहिती तिची आणि निर्णय दुसऱ्याचा, ही लूट आहे. वर्षानुवर्षे प्रश्नावल्या घेऊन येणारी पथके तिचे गर्भपात, तिचा रक्तक्षय, तिची मेलेली बाळे लिहून नेतात. निष्कर्ष सांगायला किती जण परत आले?

म्हणून आमची मागणी ऐकून घ्या. पुढच्या अर्थसंकल्पाआधी एम-पूर्वची गल्लीन्‌गल्ली, घोषित असो वा अघोषित, तिथल्याच बायकांकडून मोजून घ्या. संध्याकाळी मोजा, पोटमाळ्यासकट मोजा, गावाहून परतलेल्या बाळंतिणीसकट मोजा. या कामाचे त्यांना पैसे द्या. सेवाभावाच्या नावाखाली त्यांना फुकट राबवू नका. नकाशा वस्तीतल्या भिंतीवर लावा. दगावलेल्या प्रत्येक बाळामागे घरच्यांशी बोलून कारण शोधा: रिक्षा मिळाली नाही की रुग्णालयाने पुढे ढकलले, पैसे नव्हते की केंद्रच बंद होते. मग ती यादी भर वस्तीत वाचून दाखवा आणि विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्या आयांसमोर उभे करून एकेका ओळीचे उत्तर घ्या.